मदत हवी आहे: नगरपरिषदेचे गाळे रिकामे, बाजारपेठ ओस पडतेय. लहान शहराने स्थानिक धंद्यासाठी नक्की काय करावं?

पेठकरी
नमस्कार मंडळी. 'ब' वर्ग नगरपरिषद, वस्ती ६०,००० च्या आसपास, तालुक्याचं ठिकाण. व्यापारी संघटनेतर्फे नगरपरिषदेला एक निवेदन द्यायचंय, आणि या वेळी ते नुसतं 'व्यापाऱ्यांना न्याय द्या' छापाचं नकोय. परिस्थिती अशी:

नवीन व्यापारी संकुलात तळमजल्याचे गाळे गेले, पण पहिला मजला जवळजवळ पूर्ण बंद. लिलाव दोनदा झाला, बोलीच आली नाही. मुख्य पेठेत गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक बायपासवरच्या दुकानांकडे वळलंय. भाजीवाल्यांसाठी मंडई बांधली, ते पुन्हा रस्त्यावरच बसतात. आणि नवीन वर्कशॉप काढणारी पोरं शहराची हद्द सोडून शेजारच्या ग्रामपंचायतीत शेड टाकतायत.

नगरपरिषदेकडे पैसा नाही, हे गृहीत धरूनच सांगा. महोत्सव, प्रवेशद्वार, सेल्फी पॉइंट यांचे प्रस्ताव आधीच आलेले आहेत, त्यात भर नको. :)

लेखणीबहाद्दर
गाळ्यांपासून सुरुवात करा, कारण बाकी सगळ्यात इतरांच्या परवानग्या लागतात आणि हे बरंचसं नगरपरिषदेच्या हातात आहे.

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ९२ प्रमाणे नगरपरिषद स्वतःच्या अधिकारात मालमत्ता जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी भाड्याने देऊ शकते. त्यापुढच्या मुदतीला वरची मंजुरी लागते. म्हणून बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचा करार होतो, आणि लिलाव 'ना-परतावा अनामत (परत न मिळणारी रक्कम) जास्त कोण देतो' यावर होतो. घोळ नेमका इथे आहे. हिशोब मांडून बघा.

समजा गाळा १० × १२ फूट, म्हणजे ११.१५ चौ. मी. रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेला जागेचा) दर उदाहरणादाखल ५०,००० रुपये चौ. मी. धरा. मूल्य झालं ५,५७,५००. त्यावर ८ टक्के वार्षिक भाडं धरलं तर ४४,६०० रुपये, म्हणजे महिना ३,७१७. ऐकायला स्वस्त. पण ना-परतावा अनामत ५ लाख गेली असेल तर तीन वर्षांच्या ३६ महिन्यांवर तिचा भार महिना १३,८८९ पडतो. एकूण १७,६०६. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २०,७७५.

किराणा दुकानाचा ढोबळ नफा १० टक्के धरला तर नुसतं भाडं निघायला महिन्याला दोन लाख सात हजारांची विक्री हवी. नोकर, वीज, घसारा वेगळा. जिन्यावरच्या १२० चौरस फुटांत हे कोण करणार? बोली न येणं हे व्यापाऱ्याचं शहाणपण आहे, बाजार पडल्याचं लक्षण नव्हे.

मागणी अशी करा: अनामत परताव्याची आणि सहा महिन्यांच्या भाड्याइतकीच ठेवा, बोली मासिक भाड्यावर लावा. यातला धोका असा की काही जण भाडं वाट्टेल तेवढं बोलतात आणि चौथ्या महिन्यापासून थकवतात. म्हणून करारातच लिहा: दोन महिने थकले की नोटीस, तिसऱ्या महिन्यात गाळा सील, थकबाकी अनामतीतून वळती. आणि पहिल्या मजल्याचं मूल्यांकन तळमजल्याच्याच दराने झालंय का ते आधी फाईलमध्ये बघा. बऱ्याच वेळा तसंच केलेलं असतं. तसं असेल तर दोन अयशस्वी लिलावांच्या इतिवृत्तासह फेरमूल्यांकनाचा प्रस्ताव नगररचना विभागाकडे जाऊ शकतो. ठरवून दिलेल्या किमान भाड्याखाली नगरपरिषद स्वतःहून जाऊ शकत नाही, लेखापरीक्षणात अडकते.

हिशोबनीस
वरच्या हिशोबाला जीएसटीची एक पुरवणी. नगरपरिषदेचा गाळा घेणारा जीएसटीत नोंदणीकृत असेल तर भाड्यावरचा कर त्याने स्वतः रिव्हर्स चार्जने भरायचा असतो, नगरपरिषदेने लावायचा नसतो. नोंदणी नसेल तर नगरपरिषद बिलात लावते. नियमित करदात्याला तो वजावटीत परत मिळतो. कंपोझिशनवाल्याला (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याला) मिळत नाही, त्याच्यासाठी तो निव्वळ खर्च. ना-परतावा अनामतीवरही कर लागतो, हे लिलावाच्या दिवशी कुणी सांगत नाही आणि मग ५ लाखांवर ९०,००० ची मागणी आली की गाळेधारक हबकतो. लिलावाच्या जाहिरातीत 'अधिक लागू कर' एवढ्यावर न थांबता दोन्ही प्रकारच्या गाळेधारकांचं एकेक उदाहरण रुपयांत छापा म्हणावं.

दुसरं, तीन वर्षांच्या करारावर बँक पाच-सात वर्षांचं मुदत कर्ज द्यायला नाखूश असते. फर्निचर, फ्रीजर, मशिनरी लागणारे धंदे म्हणून गाळ्यात येत नाहीत, येतात ते झेरॉक्स आणि मोबाइल कव्हरवाले. चार-पाच गाळे वेगळे काढून त्यांच्यापुरता दीर्घ मुदतीचा प्रस्ताव मंजुरीला पाठवा. सगळ्या संकुलाचा पाठवलात तर फाईल वर्षभर फिरेल.

पेठकरी
हे सोन्यासारखं आहे. पण पहिल्या मजल्यावर भाडं उतरवूनही गिऱ्हाईक चढेल का?

लेखणीबहाद्दर
जाता-येता काही घेणारं गिऱ्हाईक चढत नाही, काम घेऊन येणारं चढतं. दंतवैद्य, करसल्लागार, शिवणकाम, चष्मेवाला, क्लास, सेतूसारखं केंद्र. त्यामुळे वरच्या मजल्याच्या लिलावात 'किरकोळ विक्री' अशी अट असेल तर ती काढा, आणि दोन-तीन गाळ्यांमधली भिंत काढायची मुभा द्या, १२० फुटांत क्लास बसत नाही. भिंत भार घेणारी नाही ना, हे अभियंत्याने आधी लिहून द्यावं. क्लास आले की अग्निसुरक्षा आली: जिन्यात सामान नको, दुसरा जिना कुलूपबंद नको, आणि २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखालचं 'ब' नमुन्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून. दुसरा जिना गोदाम झालेला असतोच, जाऊन बघा.

मंडईवाली
मंडईबद्दल. भाजीवाले 'ऐकत नाहीत' असं नगरपरिषद म्हणते, पण ते अगदी बरोबर हिशोब करून रस्त्यावर बसतात. संध्याकाळी सहा ते आठ कामावरून परतणारं गिऱ्हाईक ज्या वाटेने जातं, तिथे भाजी खपते. मंडईचं तोंड त्या वाटेकडे नसेल तर आतले ओटे कधीच भरणार नाहीत.

बांधकामात ठरावीक चुका असतात, तुमच्याकडे तपासा. ओटा कमरेइतका उंच असेल तर बसलेल्या बाईला वजनकाटा आणि गिऱ्हाईक दोन्ही सांभाळता येत नाही, तो गुडघ्याइतका हवा. दोन ओळींमधली वाट निदान आठ फूट हवी, पिशव्या घेतलेली दोन माणसं आणि मध्ये थांबलेलं एक, एवढी. ओट्याला पुढे उतार आणि पायाशी झाकलेली नाली हवी, नाहीतर पालेभाजीवर मारलेलं पाणी वाटेत साचतं आणि लोक आत यायचे थांबतात. शेवटची गोष्ट म्हणजे माल उतरवायची जागा. पहाटे टेम्पो आत जात नसेल तर हमाली वाढते, आणि ती वाचवायला बाई रस्त्यावरच पाटी मांडते.

कायद्याची बाजूही पक्की ठेवा. पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, आणि हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले, त्यातल्या एक तृतीयांश महिला. लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे आहेत, म्हणजे तुमच्याकडे १,५०० पर्यंत. समितीची बैठक शेवटची कधी झाली ते विचारा. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत द्यावा लागतो, हे अतिक्रमण पथकाला कुणीतरी लेखी कळवायला हवं.

रांगोळी
+१. दुकानदारांनाही सांगा की समोरचा भाजीवाला हटला की पेठेतली वर्दळही हटते. अर्ध्या तक्रारी संघटनेकडूनच जातात. ;)

पेठकरी
कबूल, आमच्याही गेल्यात.

आठवडी बाजाराच्या वसुलीचं काय? ठेकेदार मनमानी घेतो अशी ओरड आहे.

मंडईवाली
ठेका देताना दरपत्रक करारात जोडलेलं असतं, ते बाजाराच्या चारही तोंडांना मोठ्या अक्षरात लावायची अट घाला. पाटी, हातगाडी, टेम्पो असे वेगवेगळे दर. पावती पुस्तकं नगरपरिषदेने स्वतः क्रमांक घालून छापावीत आणि वापरलेल्या स्थळप्रती (पावतीची पुस्तकात राहणारी प्रत) जमा केल्याशिवाय नवीन पुस्तक देऊ नये. ठेकेदाराने स्वतः छापलेल्या पावतीवर दर कोराच असतो, सगळी मनमानी तिथूनच सुरू होते. बाहेरगावचा शेतकरी दोन बाजार नाडला गेला की तिसऱ्या बाजाराला दुसऱ्या गावी जातो.

रस्तामाप
पार्किंगसाठी आधी मोजणी करा, मग वाद घाला. बाजाराचा एक दिवस आणि एक साधा दिवस निवडा. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८, दर अर्ध्या तासाने पेठेतून चालत प्रत्येक उभ्या गाडीचे शेवटचे चार आकडे वहीत लिहा. दोन कॉलेजची मुलं पुरतात. एकच नंबर सलग चार-पाच फेऱ्यांत दिसला तर ती गाडी गिऱ्हाइकाची नाही, दुकानदाराची किंवा नोकराची आहे. या यादीशिवाय कुठलाही व्यापारी हे मान्य करत नाही, आणि यादी पाहिल्यावर सहसा बैठकच शांत होते.

गणित सोपं आहे. दुचाकीला १ × २ मीटर, चारचाकीला २.५ × ५ मीटर, म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा दुचाक्या. पेठेत सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असणाऱ्या गाड्या पाच मिनिटांवरच्या मोकळ्या जागेत हलवल्या (शाळेचं मैदान नको, सुट्टीनंतर वाद होतो) तर एकही नवा चौरस फूट न बांधता जागा सुटते. मालवाहू टेम्पोंना सकाळी १० आधी आणि दुपारी २ ते ४ एवढीच मुभा ठेवा. गुदामवाले कुरकुर करतील, आठवड्याभरात जमवून घेतात.

एक लक्षात ठेवा: सम-विषम तारखेचं पार्किंग किंवा एकेरी वाहतूक नुसत्या नगरपरिषदेच्या ठरावाने लागू होत नाही. वाहतूक पोलिसांमार्फत सक्षम अधिकाऱ्याची अधिसूचना लागते. ती नसताना फलक लावले तर दंड टिकत नाही, आणि दोन महिन्यांत फलकाखालीच गाड्या लागतात.

उद्यमवाट
पोरं हद्दीबाहेर का जातात, त्याचं एक कारण अनुदानातच आहे. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, नव्या उद्योगाच्या कर्जाला जोडलेलं अनुदान) सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या शहरी भागात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के. विशेष गटाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, माजी सैनिक वगैरे) अनुक्रमे २५ आणि ३५. म्हणजे २० लाखांच्या प्रकल्पात हद्द ओलांडली की दोन लाखांचा फरक. हे नगरपरिषद बदलू शकत नाही, त्यामुळे उत्पादनाच्या शेडसाठी भांडू नका. शहरात राहील ते दुकान, दुरुस्ती, पॅकिंग, सेवा. त्यांच्याकडे लक्ष द्या.

शहरातला अर्ज अडतो तो बहुधा कागदांवर. मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला, गाळ्याची सहमती, बांधकाम परवानगीची प्रत या तीन गोष्टींसाठी तीन टेबलं. महिन्यातून एक ठरलेला दिवस घ्या, कर विभाग, नगररचना आणि जिल्हा उद्योग केंद्राचा माणूस एकाच खोलीत बसवा. एक रुपया लागत नाही.

अर्जदारांच्या नेहमीच्या चुकाही निवेदनाला जोडा. कर्ज मंजूर व्हायच्या आधी मशीन घेतलं की प्रकरण बाद, हे पहिलं अनुदान नवीन उद्योगालाच आहे. अनुदान हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि पडताळणीनंतर कर्जात जमा होतं, म्हणून पहिल्या वर्षाचं खेळतं भांडवल वेगळं मोजा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) मोफत आहे, तिचे दीड-दोन हजार घेणाऱ्यांची दुकानं जोरात आहेत. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजनेतल्या कर्जाचे टप्पे आता १५,०००, २५,००० आणि ५०,००० असे आहेत. पहिलं वेळेवर फेडल्याशिवाय पुढचं नाही.

हिशोबनीस
अजून एक मुद्दा, सगळ्यात कमी बोलला जाणारा. नगरपरिषद स्वतः मोठी गिऱ्हाईक आहे: स्टेशनरी, छपाई, पंप दुरुस्ती, दिवे, मंडप. 'स्थानिकांनाच काम' अशी निविदेत अट घालायला जाऊ नका, टिकत नाही. खरेदीचे तुकडे पाडायला तर मुळीच सांगू नका, पहिला आक्षेप त्याच्यावर येतो. मागा ते एवढंच: बिलं वेळेवर. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा २००६ च्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. उत्पादक आणि सेवा देणारे यात येतात, निव्वळ खरेदी-विक्री करणारे व्यापारी येत नाहीत, तेव्हा सरसकट सगळ्यांच्या नावाने लिहू नका.

बिलं आठ-दहा महिने रखडतात म्हणून गावातला छापखानेवाला दर वाढवून टाकतो किंवा निविदाच भरत नाही, आणि काम जिल्ह्याच्या ठेकेदाराला जातं. प्रलंबित बिलांची यादी दर महिन्याच्या ५ तारखेला सूचना फलकावर लावायची मागणी करा: बिल क्रमांक, आल्याची तारीख, सध्या कोणत्या टेबलावर. अनामत परत करायची तारीखही त्याच तक्त्यात.

पेठकरी
निवेदनात गाळे, बिलांचा तक्ता, पार्किंगची मोजणी आणि महिन्याचा कागदपत्र दिवस हे चारच मुद्दे घेतो. मंडईचं वेगळं पत्र पथविक्रेता समितीला. ठरावाची भाषा कशी असावी?

लेखणीबहाद्दर
चारांचे चार वेगळे ठराव मागा. एकत्र केलेत तर एका मुद्द्यावरच्या आक्षेपाने सगळंच लटकतं, कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठराव तहकूब करू शकतात. विषयपत्रिकेवर रीतसर घ्यायला लावा, 'ऐनवेळचा विषय' म्हणून नको. गाळ्यांचा असा लिहा: "व्यापारी संकुलातील पहिल्या मजल्यावरील रिक्त गाळ्यांचे दोन लिलाव अयशस्वी झाल्याने फेरमूल्यांकनाचा प्रस्ताव सादर करणेस, तसेच पुढील लिलाव परतावा अनामत व मासिक भाड्याच्या बोलीवर घेणेस मान्यता देण्यात येत आहे." सोबत रिकाम्या गाळ्यांचे क्रमांक, क्षेत्रफळ, बंद असल्याची तारीख आणि आजवर बुडालेलं भाडं असा एक पानाचा तक्ता जोडा. शेवटच्या रकान्याची बेरीज करून द्या, सभागृहात ती करत बसायला कुणाला वेळ नसतो.