सपाट रस्त्यावर पायडल तुटलं, माल खराब की माझं वजन?

घाटवेडा:
मंडळी, रोज ऑफिसला सायकलने जातो, जाऊनयेऊन १० किमी, सायकल ६ वर्षं जुनी. काल सिग्नल सुटल्यावर नेहमीसारखा जोर दिला आणि डावं पायडल क्रँकपाशी (पायडल ज्या दांडीला बसतं तिथे) कट्टकन तुटलं, मी रस्त्यावर, गुडघा फुटला. ना खड्डा ना चढ. वजन ७८ किलो, आधीही तेवढंच होतं. दुकानदार म्हणतो माल खराब, मग ६ वर्षं चाललं कसं?? पायडलच्या तुटलेल्या दांड्याचा अर्ध्याहून जास्त भाग काळपट गुळगुळीत आहे, त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेघा, आणि एका कडेला थोडासा भाग चकचकीत, साखरेसारखा खरखरीत.

लेथवाला काका:
अरे काल तुटला तो फक्त उरलेला भाग. काळपट दिसतोय ती जुनी चीर, हवापाणी लागून काळी पडलेली. रेघा म्हणजे चीर कुठवर येऊन थांबली त्याच्या खुणा, त्या जिथून पसरल्यात ते टोक शोध, पैज लावतो आट्यांच्या खाचेत सापडेल. हिशोब कर ना, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५ मीटर धर, १० किमीला २००० फेरे, वर्षाला ३०० दिवस, ६ वर्षांत ३६ लाख वेळा पाय दाबलास तू.

भटका_जीव:
म्हणजे सेंट्रिंगवाले बाइंडिंग वायर हलवून हलवून तोडतात तसंच ना? आमचा मिस्त्री म्हणायचा लोखंड जुनं झालं की आतून साखर होतं 😄

मटेरियलवाली:
अर्धं बरोबर. वायर दरवेळी इतकी वाकते की आपणहून सरळ होत नाही, म्हणून थोडक्यात तुटते, लगेच हात लावून बघा गरम लागते. पायडलचा दांडा मात्र दाब सुटला की होता तसा, डोळ्याला काही कळत नाही, पण खाचेच्या तळाशी ताण कितीतरी वाढतो (साध्या गोल भोकाच्या कडेलाही तिप्पट होतो) आणि चीर तिथून निघते. साखर होणं वगैरे काही नसतं, धातू मुळातच कणाकणांचा, झटक्यात तुटला की ते कण दिसतात एवढंच. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून भयंकर रेल्वे अपघात झाला, त्या काळात जाणकारही साखरेचीच थिअरी सांगायचे. रँकिन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने १८४३ मध्ये तुटके आस बघून सांगितलं की चीर कोपऱ्यातून हळूहळू आत जाते, कोपरे गोलाकार ठेवा. पुढे जर्मनीत व्होलर या रेल्वे इंजिनिअरने आस फिरवून फिरवून तोडले, तेव्हा कळलं की ताण ठरावीक हद्दीखाली ठेवला तर स्टील लाखो फेरे खाऊनही तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी हद्दच नाही, अलॉय म्हणजे अॅल्युमिनियमच्या क्रँकवाल्यांनो ऐकताय ना.

घाटवेडा:
काका पैज जिंकलात, शेवटच्या आट्याची खाच. पण उजवं पायडल अजून सायकललाच आहे की!

लेथवाला काका:
आधी काढ ते. ग्रीस पुसून रॉकेल लाव, हल्ली मिळत नाही तर डिझेल चालेल, दहा मिनिटांनी एकदम कोरडं पूस आणि वर खडू घास. चीर असली तर आतलं तेल खडूवर ओली रेघ काढतं. रेल्वे वर्कशॉपात असंच तपासायचे.

घाटवेडा:
उमटली ना राव रेघ, नखाएवढी, त्याच जागी!! दोन्ही भंगारात, नवीन जोडी आणली. दुकानदाराला तुकडा दाखवून सगळं समजावलं तर म्हणे, बघा, म्हटलं होतं ना माल खराब.