जेडची बांगडी: झाळू नका, टोप्या बसवा

तुटलेली जेडची बांगडी सोन्याने झाळून (डाख देऊन जोडून) घेता येईल का, असं विचारलंय. कृपा करून दगडाजवळ ज्योत नेऊ देऊ नका, जेड तडकू शकतं. चिनी कारागिरांची जुनी रीत बघा: सोन्याच्या टोप्या आणि बिजागरी वेगळी घडवायची, झाळकाम आधीच उरकायचं, मग तुकड्यांची टोकं आत बसवायची. माझ्या मावशीच्या बांगडीचे दोन तुकडे झाले होते. झवेरी बाजारातल्या कारागिराने टोप्यांवर बारीक रवा, म्हणजे सोन्याच्या इवल्या कणांची नक्षी, काढला. बोट फिरवलं की थंडगार गुळगुळीत दगड आणि मध्येच खरखरीत सोनं लागतं. फार देखणी दिसते, तडा लपवण्यापेक्षा कितीतरी! कुंदनातही शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा विस्तवाशिवाय दाबूनच बसवतात, म्हणून कुंदनकाम करणाराच शोधा. आणि तुकडे सगळे जपा, बारीकशी कपचीसुद्धा.