वक्ते म्हणून सन्मान करायचा, तर आधी बोलू तर द्या

गंगापूर रोडकर

गेल्या रविवारी नाशिकमध्ये एक पुरस्कार सोहळा झाला. उद्योग, शिक्षण, आरोग्य हे नेहमीचे विभाग होतेच. यंदा त्यांच्या जोडीला 'सन्माननीय वक्ते' असा नवा विभाग होता आणि त्यात सेवेतले काही अधिकारी, काही निवृत्त अधिकारी आणि माजी सैनिक यांचा गौरव झाला. कल्पना मला मनापासून आवडली, म्हणूनच गेलो होतो. तिथे जे पाहिलं त्यावर तुमची मतं हवी आहेत.

कार्यक्रम अकराचा, सुरू झाला पाऊण वाजता. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रायोजकांची मनोगतं. मग तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांना माईक मिळाला. हे कारगिलला होते. ते सांगू लागले की द्रासच्या उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे गोळा मैदानातल्यापेक्षा लांब जातो, सपाटीवरचे फायरिंग टेबल, म्हणजे किती अंतराला तोफ किती उचलायची याचे तक्ते, तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. मग हवेचा दाब, तापमान, वारा सगळं धरून दुरुस्ती करायची आणि पहिला गोळा कुठे पडला ते डोंगरावर बसलेला निरीक्षक सांगणार, त्यावर दुसरा. 'पुढे आपलीच पायदळाची पोरं चढत असतात, त्यामुळे शंभर मीटरची चूक म्हणजे काय ते समजून घ्या,' इतकं ते बोलले आणि सभागृह एकदम चिडीचूप झालं. तेवढ्यात सूत्रसंचालकाने चिठ्ठी सरकवली. सुभेदारांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि 'जय हिंद' म्हणून खाली बसले. पाच मिनिटंही झाली नव्हती.

त्यांच्यानंतर सेवेतल्या एका बड्या अधिकाऱ्यांचं भाषण पाऊण तास चाललं. सकाळी लवकर उठा, मोबाइल कमी वापरा, आईवडिलांना विसरू नका. त्यांना कोणी चिठ्ठी दिली नाही.

माझा आक्षेप इथे आहे. वक्ता म्हणून गौरव करताना माणसाने काय सांगितलं हे बघितलंच गेलं नाही, त्याची खुर्ची बघितली गेली. नाशिकला ऐकण्याची परंपरा नाही असं कोणी म्हणणार नाही. वसंत व्याख्यानमाला १९२२ पासून आहे, मे महिन्यात गोदाघाटावर उघड्यावर माणसं संध्याकाळी येऊन बसतात आणि वक्ता कंटाळवाणा असला तर उठून जातात. तिथे वक्त्याची परीक्षा रोज होते.

आणि सेवेतल्या अधिकाऱ्यांचं तर वेगळंच. आयएएस, आयपीएस यांना लागू असलेले अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम १९६८ चे आहेत. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र घेता येत नाही, स्वतःच्या गौरवासाठी भरवलेल्या सभेला हजर राहता येत नाही. बदली किंवा निवृत्तीचा घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ तेवढा चालतो. हा नियम उगाच केलेला नाही. ज्या बिल्डरचा बॅनर मागे लावलाय त्याचीच फाइल उद्या टेबलावर येणार असेल, तर आज त्याच्या हातून सन्मानचिन्ह घेणं बरोबर कसं? माझं मत स्पष्ट आहे: सेवेत असेपर्यंत खासगी संस्थेचा पुरस्कार नको. निवृत्तांना आणि माजी सैनिकांना जरूर बोलवा, पण तासभर द्या. सिंहस्थ तोंडावर आलाय. २००३ च्या पर्वणीला चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, २०१५ चा सिंहस्थ तशा दुर्घटनेशिवाय पार पडला. या दोन्ही वेळी बंदोबस्तात उभे असलेले कितीतरी पोलीस, महसूल आणि पालिका कर्मचारी आज नाशिकमध्ये निवृत्त आहेत. गर्दी कुठे तुंबते, बॅरिकेड कुठे घात करतं, हे त्यांच्याकडून एकदा जाहीरपणे ऐकायला नको का?

तोपची

गंगापूर रोडकर साहेब, मी स्वतः तोफखान्यातला आहे, देवळालीला शिकलो आणि आता इथेच स्थायिक आहे. तुमचा राग कळतो, पण मुद्दा पटला नाही.

शाल आणि पाच मिनिटं ही तुम्हाला कमी वाटतात. आमच्यातले बहुतेक जण जवान म्हणून भरती झाले आणि पंधरा-सतरा वर्षं काढून चाळिशीच्या आत घरी आले. मग काय? बँकेच्या दारात नाहीतर एखाद्या सोसायटीच्या गेटवर गार्ड. गावातले लोक ओळखतात ते कॅन्टीनच्या सामानासाठी. सिन्नरकडचा माझा एक जोडीदार आहे, हवालदार म्हणून निवृत्त झाला. त्याचा एका छोट्या कार्यक्रमात सत्कार झाला, पेपरात फोटो आला. त्यानंतर त्याच्या बांधाच्या तंट्यात तहसील कचेरीत त्याला पहिल्यांदा 'बसा' म्हणाले. हा माणूस आयुष्यात कधी तासभर बोलणार नाही. त्याला वक्ता म्हणा, पाहुणा म्हणा, काहीही म्हणा, त्याला स्टेजवर बोलावलं याची किंमत मोठी आहे.

दुसरं, पाच मिनिटं फौजी माणसाला पुरतात. आम्हाला ब्रीफिंगची सवय असते: कुठे, कधी, किती, काय अडचण. तासभर बोलायला लावलं की काय होतं ते मी पाहिलंय. टाळ्या पडल्या की माणूस वाढवून सांगायला लागतो. जो बेस कॅम्पला होता तो शिखरावर जातो. शिवाय काय बोलायचं नाही याचंही बंधन असतं, शासकीय गुपितांचा कायदा १९२३ पासून आहे आणि तो निवृत्तीने सुटत नाही. त्या सुभेदारांनी चिठ्ठी वाचून खाली बसणं तुम्हाला अपमान वाटला. मला त्यात शिस्त दिसली.

सिडकोवाला

तोपची काका, शिस्त त्यांची होती हो, पण चिठ्ठी पाठवणाऱ्याची नव्हती. पाऊण तासवाल्यांना का नाही पाठवली?

अभ्यासिका

मला धाग्यातला सेवेतल्या अधिकाऱ्यांचा मुद्दा अजिबात मान्य नाही. मी निफाड तालुक्यातल्या गावातून आले, आता कॉलेज रोडच्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करते. आमच्या घरात सरकारी नोकरीत कोणीही नाही. बारावीत असताना शाळेच्या बक्षीस समारंभाला एक उपजिल्हाधिकारी मॅडम आल्या होत्या. त्या आमच्याच शेजारच्या तालुक्यातल्या, आमच्यासारखंच बोलणाऱ्या. परीक्षा कशी असते हे त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. पूर्व, मुख्य, मुलाखत असे तीन टप्पे असतात हे मला त्या दिवशी कळलं.

आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेले सर खूप आदरणीय असतील, पण आम्हाला उत्तर कसं लिहायचं ते आज सेवेत असलेला माणूसच सांगू शकतो. आणि मुलींसाठी तर खुर्चीवर बसलेली बाई डोळ्यांनी दिसणं फार महत्त्वाचं आहे. तुम्ही म्हणता सेवेत असेपर्यंत पुरस्कार नको. म्हणजे त्यांनी कार्यालयाबाहेर पडूच नये का? सकाळी लवकर उठा हे भाषण तुम्हाला रटाळ वाटलं असेल, मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलाला वाटलं नसेल.

सातबारा

महसूल खात्यात सगळी नोकरी काढली, आता निवृत्त आहे. अभ्यासिका ताई, भाषण आणि पुरस्कार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तुमच्या मॅडम शाळेत आल्या, मुलांशी बोलल्या, यात कोणाचाच आक्षेप नसावा. उलट तसं व्हायलाच हवं. आक्षेप मानपत्राला आहे, ते देणाऱ्याला आहे.

हे कसं चालतं ते सांगतो. कार्यक्रमानंतर आठवडा-पंधरा दिवसांनी प्रायोजक कार्यालयात येतो. हातात फ्रेम केलेला फोटो. तो टेबलावर ठेवतो, 'साहेब, तुमच्यासाठी खास करून घेतला' म्हणतो, चहा होतो. कामाचं एक अक्षर काढत नाही. महिनाभराने बिनशेतीच्या प्रकरणाची चौकशी करायला त्याचा माणूस येतो आणि शिपायाला सांगतो, शेठचा आणि साहेबांचा घरोबा आहे. साहेब अगदी स्वच्छ असले तरी खालचा क्लार्क ती फाइल वर काढतो. साहेबांना पत्ताही नसतो. नियम केला तो यासाठी. केंद्राने तर परिपत्रकांतून सांगितलंय की खासगी संस्थेचा पुरस्कार घ्यायचा तर आधी परवानगी आणि त्यात रोख रक्कम नको.

मात्र गंगापूर रोडकर, तुमच्या यादीतही साहेबच आहेत. वक्ता म्हणून कोणाला बोलवावं, विचारा मला. एखाद्या चांगल्या तलाठ्याला किंवा मंडळ अधिकाऱ्याला बोलवा. बाप वारला, वारस नोंद करायची आहे, तर अर्ज कुठे द्यायचा, फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) धरल्यावर नोटीस कोणाला जाते, हरकतीला १५ दिवस का असतात, हरकत आली तर ते प्रकरण कोणापुढे चालतं. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये हे सगळं आहे, पण निम्म्या शेतकऱ्यांना ते एजंटाकडून कळतं, आणि पैसे मोजून. लोकसेवा हक्क कायदा २०१५ ला झाला, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं, हे चांदवड-देवळ्याच्या बाजारच्या दिवशी पारावर उभं राहून सांगणारा कर्मचारी मला कुठल्याही बड्या वक्त्यापेक्षा मोठा वाटतो. त्याला कोण पुरस्कार देणार?

संयोजक

मी अशा कार्यक्रमांच्या आयोजनात असतो (वरचा कार्यक्रम आमचा नव्हे), म्हणून चार गोष्टी स्पष्ट सांगतो. सभागृहाचं भाडं, साउंड, जेवण, स्मृतिचिन्हं, छपाई हे सगळं प्रायोजकावर चालतं. प्रायोजकाला सेवेतला अधिकारी स्टेजवर हवा असतो, पत्रकार त्यांच्यासाठी येतात, गर्दीही त्यांच्यासाठी येते. आम्ही एकदा फक्त माजी सैनिकांची व्याख्यानं ठेवली होती, तिकीट नाही, चहा-नाश्ता मोफत. मोजकी माणसं आली, त्यातली अर्धी त्यांच्या घरची. तेव्हा 'तासभर द्या' म्हणणाऱ्यांनी तासभर येऊन बसायचीही जबाबदारी घ्यावी. साहेबांच्या जोडीला सुभेदारांना बसवलं म्हणून निदान चारशे लोकांनी त्यांना ऐकलं. पाच मिनिटं का होईना, ऐकलं.

गंगापूर रोडकर

संयोजक, तुमच्या बोलण्यातला खर्चाचा भाग मान्य. पण त्याच हिशेबाने बघा: चारशे लोकांचा वेळ हाही खर्चच आहे ना? त्यांना त्या दिवशी ऐकण्यासारखं एकच मिळालं आणि तेच तोडलं. माजी सैनिकांना गर्दी येत नाही हे मला पटत नाही. सगळ्यांचं एकत्र 'शौर्यगाथा' असं मोघम नाव ठेवलं तर नाही येणार. 'कारगिलमध्ये तोफ कशी डागली' एवढाच विषय लावा, भोसला मिलिटरी स्कूलची, एनसीसीची, इंजिनीअरिंगची मुलं येतील.

तोपची साहेब, वाढवून सांगण्याचा धोका तुम्ही बरोबर ओळखलात. त्यावर उपाय भाषण न ठेवणं हा नाही, मुलाखत ठेवणं हा आहे. समोर जाणकार माणूस प्रश्न विचारायला असला की बेस कॅम्पवाला शिखरावर जात नाही. पण 'बसा' म्हणण्याच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत होणार नाही. पेपरात फोटो आल्यावरच माजी सैनिकाला तहसीलमध्ये खुर्ची मिळत असेल, तर तक्रार तहसीलबद्दल करायला हवी. सत्काराने ती दबते.

सातबारा, तुमचा तलाठ्याचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता हे खरं, आणि तो सगळ्यांत मोलाचा आहे. पण तोही सेवेतलाच ना? मग त्याला पुरस्कार कोण देणार?

सातबारा

शासन देईल. राज्याचं राजीव गांधी प्रशासकीय गतिमानता अभियान आहे, २१ एप्रिलला नागरी सेवा दिन असतो, केंद्राचे पुरस्कारही त्यानिमित्ताने दिले जातात. त्यात खालच्या कर्मचाऱ्याची वर्णी कमी लागते, ते भांडण तिथे भांडायचं. आणि लोकांनी त्याला पारावर एक टाळी दिली तर त्याला कुठलाही वर्तणूक नियम आडवा येत नाही.

तोपची

तक्रार तहसीलबद्दल करायची हे बोलायला ठीक आहे. माझ्या जोडीदाराने ती दोन वेळा केली होती, पोच आजही त्याच्या फाइलला आहे. खुर्ची फोटोने मिळाली. तुम्ही शहरात बसून तत्त्व सांगता, त्याला बांध मोजून हवा होता.

मुलाखतीला माझी ना नाही. पण विचारणाऱ्याने आधी दोन-चार संध्याकाळी आमच्या माणसांत येऊन बसावं, हॉवित्झर आणि मॉर्टर यातला फरक समजून घ्यावा. 'तुम्हाला भीती वाटली का' हा प्रश्न पहिलाच विचारला तर मी उठून जाईन. आणि फक्त सुभेदार नकोत, सिग्नलवाला, ड्रायव्हर, स्वयंपाकी हेही बोलवा. त्या उंचीवर डाळ शिजवणाऱ्याकडे सांगण्यासारखं आमच्यापेक्षा जास्त आहे.

अभ्यासिका

सातबारा काका, भाषण आणि पुरस्कार वेगळे हे आता पटलं. पण धाग्याच्या शीर्षकावर माझं म्हणणं कायम आहे, सेवेतल्या अधिकाऱ्यांना बोलू द्याच. पुरस्काराशिवाय, प्रायोजकाच्या बॅनरशिवाय, एखाद्या शाळेत नाहीतर सार्वजनिक वाचनालयात. आमच्या अभ्यासिकेतून पन्नास मुलं नक्की येतील. तोपची काकांनी मुलाखतीची तारीख ठरवली तर तिकडेही येऊ, फक्त रविवारी सकाळी टेस्ट असते, संध्याकाळ ठेवा.