व्हीएमकॅसचा अर्ज: विषय कसे जुळवायचे, तास कुठे मोजायचे?

रानवाट

नमस्कार. अमेरिकेत बायॉलॉजीची पदवी करते आहे, मे महिन्यात तिसरं वर्ष संपेल. येत्या सप्टेंबरच्या मुदतीत डीव्हीएमसाठी, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीसाठी, व्हीएमकॅस या व्हेट स्कूलच्या सामायिक अर्ज-यंत्रणेतून अर्ज करायचा आहे, म्हणजे प्रवेश पुढच्या वर्षीच्या ऑगस्टचा. दहा-बारा व्हेट स्कूलच्या अटी वाचल्या आणि गोंधळ वाढलाच.

ऑरगॅनिक केमिस्ट्री १ मध्ये सी मायनस आला होता. विषय पुन्हा घेतला, आता बी प्लस आहे. बायोकेमिस्ट्री फॉल सेमिस्टरमध्ये घेणार, म्हणजे अर्ज जाईल तेव्हा ती चालू असेल. स्टॅटिस्टिक्स हायस्कूलमध्ये एपीतून, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या कोर्समधून, झालंय. यातलं काय धरतात, काय नाही?

अनुभव: कुत्र्या-मांजरांच्या एका क्लिनिकमध्ये ३२० तास. शेल्टरमध्ये २५० तास, त्यातले बरेचसे पिंजऱ्यांची सफाई आणि कुत्री फिरवणं. पण दर शनिवारी तिथे पशुवैद्य येतात आणि नसबंदीच्या शस्त्रक्रिया होतात तेव्हा मी त्यांच्या हाताखाली असते. हे सगळं एकाच रकान्यात लिहायचं का?

शिफारसपत्रं कोणाकडून घ्यावीत? आणि मी एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे, आमच्या राज्यातल्या शाळेत मला रहिवासी धरतील का?

चौथा_कोठा

विषयांबद्दल सांगतो, कारण सगळ्यात जास्त अर्ज तिथेच अडकतात.

आधी एक तक्ता करा. प्रत्येक शाळेला एक ओळ, आणि रकाने असे: विषय, किती क्रेडिट, लॅब हवी की नको, वरच्या पातळीचा कोर्स हवा का, किमान ग्रेड, किती वर्षांच्या आत केलेला हवा, अर्जाच्या वेळी किती विषय बाकी चालतात, आणि ते कुठल्या तारखेपर्यंत संपले पाहिजेत. शाळेच्या नावावरून तुमचे विषय तपासू नका, तुमच्या विषयांवरून शाळा गाळा. डझनभर शाळांची यादी या तक्त्यातून बहुतेक वेळा पाच-सहावर येते, आणि तेवढ्याच ठिकाणी अर्ज करण्यात अर्थ असतो.

सी मायनस: बहुतेक शाळांना पूर्वअटीच्या विषयात किमान सी लागतो, सी मायनस चालत नाही. तुम्ही विषय पुन्हा घेतलात ते योग्यच केलं. पण व्हीएमकॅस जी सरासरी काढतं तिच्यात दोन्ही वेळचे ग्रेड मोजले जातात. तुमच्या कॉलेजने जुना ग्रेड पुसून नवा धरला असला तरी व्हीएमकॅस तो पुसत नाही. त्यामुळे अर्जातली सरासरी कॉलेजच्या आकड्यापेक्षा कमी दिसेल, ती पाहून दचकू नका. दोन्ही प्रयत्न नोंदवा आणि विषय पुन्हा घेतल्याची खूण करा. डब्ल्यू मिळालेला, म्हणजे मध्येच सोडलेला, कोर्ससुद्धा नोंदवायचाच असतो. पुढे काही शाळा स्वतःचं वेगळं गणित करतात, कोणी शेवटच्या ४५ सेमिस्टर क्रेडिटना जास्त वजन देतं, कोणी फक्त पूर्वअटीच्या विषयांची सरासरी काढतं. सुरुवात वाईट आणि शेवट चांगला असेल त्यांनी असं गणित करणाऱ्या शाळा मुद्दाम शोधाव्यात.

बायोकेमिस्ट्री चालू असताना अर्ज करायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, पण ती 'इन प्रोग्रेस' किंवा 'प्लॅन्ड' म्हणून अर्जात दिसली पाहिजे. ती नोंद राहिली तर तपासणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की हा विषय तुमच्याकडे नाही. कोर्स निवडतानाही जपा. बऱ्याच शाळांना वरच्या पातळीची बायोकेमिस्ट्री लागते, आणि नर्सिंग किंवा न्यूट्रिशनच्या विद्यार्थ्यांसाठी असलेला ओळखवजा कोर्स त्यात बसत नाही. कुठे एक सेमिस्टर पुरते, कुठे दोन लागतात. ऑरगॅनिकचंही तसंच आहे, एका सेमिस्टरचा 'सर्व्हे' कोर्स कुठे चालतो, कुठे दोन सेमिस्टर लॅबसकट मागतात. फिजिक्स मात्र सहसा कॅल्क्युलसशिवायचं चालतं.

एपी स्टॅटिस्टिक्सचं क्रेडिट कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) विषयाच्या नावासह उतरलं असेल तर अनेक शाळा धरतात. नुसती 'एपी क्रेडिट' अशी एकत्र ओळ असेल तर रजिस्ट्रारकडे जाऊन विचारा. आणि क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असलेल्या) कॉलेजचे विषय असतील तर एक सेमिस्टर क्रेडिट म्हणजे दीड क्वार्टर क्रेडिट. चार क्वार्टर क्रेडिटचा कोर्स तीन सेमिस्टर क्रेडिटच्या अटीत बसत नाही, तो २.६७ भरतो. या तिसऱ्या हिश्शाने अर्ज बाद झालेले आहेत.

शेवटी, ॲनिमल न्यूट्रिशन, पब्लिक स्पीकिंग, मेडिकल टर्मिनॉलॉजी असे विषय काही थोड्याच शाळा मागतात. बायॉलॉजीच्या विद्यार्थ्याकडे ते सहसा नसतात. तुमचा कोर्स अटीत बसतो की नाही अशी शंका असेल तर सिलॅबस जोडून प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं 'हो, चालेल' पुढे कामाला येत नाही.

गव्हाणी

तासांचं मी लिहिते.

व्हीएमकॅसमध्ये 'व्हेटरिनरी' आणि 'ॲनिमल' हे दोन अनुभव वेगळे आहेत. कसोटी प्राण्यांची नाही, देखरेखीची आहे. पशुवैद्याच्या हाताखाली केलेलं काम पहिल्यात, पशुवैद्य नसताना प्राण्यांसोबत केलेलं काम दुसऱ्यात. म्हणून तुमच्या शेल्टरची नोंद एक नाही, दोन करा: शनिवारच्या शस्त्रक्रियांचे तास व्हेटरिनरीत आणि पशुवैद्याच्या नावाने, बाकीचे ॲनिमलमध्ये आणि शेल्टरच्या व्यवस्थापकाच्या नावाने. एकच तास दोन्हीकडे लिहायचा नाही. पगारी की बिनपगारी याने फरक पडत नाही. घरचा कुत्रा पाळणं अनुभवात येत नाही, पण घरच्या शेळ्या किंवा गाईंचा कळप सांभाळत असाल तर ते ॲनिमलमध्ये येतं.

तास अंदाजाने टाकू नका. आठवड्याचे तास गुणिले प्रत्यक्ष गेलेले आठवडे. शनिवारचे ४ तास आणि २३ शनिवार असतील तर ९२. सेमिस्टर परीक्षेचे, सुट्टीचे आठवडे वजा करा. 'आठवड्याला ८ तास, १२ महिने, एकूण ४१६' अशी नोंद शंका निर्माण करते, कारण कुठलाही विद्यार्थी बावन्न आठवडे सलग जात नाही. अर्ज पाठवल्यानंतर नवी नोंद घालता येते, पण पाठवलेली जुनी नोंद बदलता येत नाही, म्हणून आकडा आधीच पक्का करा.

प्रत्येक नोंदीच्या वर्णनाला ६०० अक्षरं मिळतात. त्यातली पहिली शंभर संस्थेच्या कौतुकात घालवू नका. कुठले प्राणी, दिवसाला साधारण किती, तुमच्या हातात नेमकं काय होतं आणि तुम्ही फक्त काय पाहिलं, हे लिहा. 'पाहिलं' आणि 'केलं' यांत सरमिसळ नको, हे मी फार कळकळीने सांगते. वाचणारी माणसं पशुवैद्य असतात. परवाना नसलेल्या विद्यार्थिनीने भूल दिली किंवा निदान केलं असं वाचलं की तुमच्याबद्दल आणि तुमच्या क्लिनिकच्या पशुवैद्याबद्दल एकदमच प्रश्न उभा राहतो. प्राणी धरणं, नमुने लॅबला देणं, उपकरणांचे संच निर्जंतुक करणं, शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येणाऱ्या जनावराचं तापमान आणि श्वास नोंदवणं, हे खरं काम आहे आणि ते छान दिसतं.

तुमचे ३२० तास कमी नाहीत. काही शाळांची काही शे तासांची किमान अट असते, बऱ्याच शाळांची कुठलीच नसते. उणीव आहे ती विविधतेची. सगळे तास कुत्र्या-मांजरांचे आहेत. सप्टेंबरपर्यंतचा वेळ त्याच क्लिनिकमध्ये आणखी शंभर तास करण्यात घालवण्यापेक्षा दुभत्या जनावरांच्या किंवा घोड्यांच्या पशुवैद्याबरोबर ४०-५० तास गाडीतून फिरा. वन्यप्राण्यांचं पुनर्वसन केंद्र किंवा संशोधनाची लॅब मिळाली तर तेही घ्या. जनावरांच्या डॉक्टरांना फोन सकाळी लवकर करावा, गोठ्यावर निघण्यापूर्वी. आणि रबरी बूट धुऊनच एका गोठ्यातून दुसऱ्यात पाऊल टाका, रोग अशाच बुटांवरून जातात.

तांबडफुटी

एक भर घालतो. मे महिन्यात अर्ज पाठवायची सोय सुरू झाली की लगेच पाठवून द्या, आधी आलेल्यांच्या जागा आधी भरतात.

पाणवठा

तांबडफुटी, हे वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशाबाबत खरं आहे, इथे सरसकट नाही. बहुतेक अमेरिकन व्हेट स्कूल सप्टेंबरच्या मुदतीनंतरच अर्ज वाचायला घेतात. रॉस आणि सेंट जॉर्जेस या कॅरिबियनमधल्या शाळा वर्षातून एकाहून जास्त वेळा प्रवेश देतात आणि अर्ज येतील तसे पाहतात, घाईचा उपयोग तिथे. रानवाटने मे-जूनमध्ये पाठवला तर गव्हाणीताईंनी सांगितलेले उन्हाळ्यातले जनावरांचे तास मूळ नोंदीत येणारच नाहीत.

लवकर करायचं ते ट्रान्स्क्रिप्ट. ज्या ज्या कॉलेजात एक जरी क्रेडिट घेतलं, त्या प्रत्येकाचं हवं. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात केलेला एक कोर्स, हायस्कूलमध्ये असताना ड्युअल एनरोलमेंटमधून केलेले कॉलेजचे कोर्स, हेच लोक विसरतात. ते क्रेडिट तुमच्या मुख्य कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर दिसत असलं तरी मूळ कॉलेजचं वेगळं लागतं. जुलैत मागवा, कारण ऑगस्टअखेर रजिस्ट्रारकडे नव्या वर्षाची गर्दी असते.

शिफारसपत्रं किमान तीन, जास्तीत जास्त सहा. बहुतेक शाळांना त्यात निदान एक पशुवैद्याचं हवं, काहींना एक प्राध्यापकाचंही. तुमच्यासाठी: क्लिनिकच्या पशुवैद्य, शनिवारच्या पशुवैद्य आणि लॅबमध्ये तुम्हाला ओळखणारे प्राध्यापक. पाचशे मुलांच्या वर्गातल्या ए ग्रेडपेक्षा वीस मुलांच्या लॅबमधला बी प्लस देणारे प्राध्यापक जास्त उपयोगी पत्र लिहितात. पत्र वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण करा, नाहीतर पत्राचं वजन कमी होतं. पत्र मागणारा ईमेल व्हीएमकॅसकडून जातो आणि हमखास स्पॅममध्ये पडतो, म्हणून विनंती पाठवली त्याच दिवशी त्यांना स्वतः कळवा. त्यांना मुदत १ सप्टेंबर सांगा.

आता एच-४. इथे तुमचा प्रश्नच बदलायला हवा. मुलांचा एच-४ वयाच्या २१ व्या वर्षी संपतो. तुम्ही व्हेट स्कूल सुरू कराल तेव्हा २१ ओलांडलेलं असेल आणि बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल. म्हणून शाळेला 'एच-४ ला रहिवासी धरता का' असं विचारू नका. तीन वेगळे प्रश्न लिहून विचारा: प्रवेशाच्या दिवशी एफ-१ असेल तर मी रहिवाशांच्या जागांसाठी पात्र आहे का, फीसाठी रहिवासी धरतील का, आणि नसेल तर परदेशी विद्यार्थ्यांना तुम्ही प्रवेश देता का. शेवटचा प्रश्न वगळू नका, सगळ्या सरकारी शाळा देत नाहीत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरंही एकसारखी असतील असं नाही, प्रवेशाचा आणि फीचा निर्णय अनेकदा वेगवेगळी कार्यालयं घेतात. आईवडिलांचा ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर वयाच्या गणिताबद्दल इमिग्रेशनच्या वकिलाशी आत्ताच बोला.

पैशांचं: एफ-१ ला केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज मिळत नाही आणि आय-२० साठी (विद्यार्थी व्हिसाला लागणारा शाळेचा फॉर्म) निदान पहिल्या वर्षाचा खर्च दाखवावा लागतो. वाचणाऱ्यांपैकी जे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहेत त्यांच्यासाठी, १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं केंद्रीय कर्ज बंद आहे. डीव्हीएमसारख्या व्यावसायिक पदवीला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर ही केंद्रीय कर्जाची मर्यादा आहे. राज्याबाहेरच्या शाळेचा चार वर्षांचा खर्च याच्या वर सहज जातो.

रानवाट

तिघांचे खूप आभार. २१ वर्षांचं लक्षातच आलं नव्हतं, मला ते जानेवारीत पूर्ण होतील. आणखी दोन गोष्टी: सप्लिमेंटल अर्ज म्हणजे काय, आणि नव्याने सुरू झालेल्या शाळांमध्ये अर्ज करणं सुरक्षित आहे का?

चौथा_कोठा

सप्लिमेंटल म्हणजे त्या शाळेचे स्वतःचे जादा प्रश्न आणि बहुधा स्वतःची फी. काहींचा व्हीएमकॅसच्या आतच असतो, काहींचा त्यांच्या संकेतस्थळावर, आणि तो राहिला तर मुख्य अर्ज पूर्ण असूनही वाचत नाहीत. मुख्य निबंधाला ३००० अक्षरं आहेत, मोकळ्या जागा धरून, तेव्हा मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवलेला पहिला मसुदा निम्मा करावा लागेल ही तयारी ठेवा. जीआरई ही प्रवेश परीक्षा बहुतेक शाळांनी काढून टाकली आहे, पण काही ठिकाणी कॅस्पर ही प्रसंगात कसं वागाल ते तपासणारी परीक्षा लागते. तिच्या तारखा ठरलेल्या असतात, त्यामुळे ऑगस्टमध्येच नाव नोंदवा. टेक्सासची टीएमडीएसएएस ही स्वतःची अर्ज-यंत्रणा आहे, तिचे निबंध आणि मुदत वेगळी.

नव्या शाळांबद्दल: एव्हीएमए या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेच्या मान्यतेची पायरी पाहा. 'प्रोव्हिजनल' मान्यता असलेल्या शाळेचे पदवीधर परवान्याच्या बाबतीत पूर्ण मान्यतेच्या शाळेसारखेच धरले जातात. त्याआधीची 'रीझनेबल अशुरन्स' ही पायरी मान्यता नाही, तिथे शाळा विद्यार्थी घेऊ लागते एवढंच. मान्यता नसलेल्या शाळेची पदवी घेऊन अमेरिकेत काम करायचं तर नाव्हले या परवान्याच्या परीक्षेबरोबर ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह हा पात्रता तपासणीचा वेगळा टप्पा पार करावा लागतो, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. उलट लंडनचं रॉयल व्हेटरिनरी कॉलेज, एडिनबरा, ग्लासगो, डब्लिन, मेलबर्न, सिडनी, मॅसी यांना एव्हीएमएची मान्यता आहे. तुम्हाला इथे परदेशी म्हणूनच मोजणार असतील, तर या शाळाही तक्त्यात घ्या.

गव्हाणी

निवड झाली तर १५ एप्रिलपर्यंत निर्णय कळवायचा असतो, एकाहून जास्त जागा हातात असतील तर नको असलेली लवकर सोडा, प्रतीक्षा यादीतलं कुणीतरी तिच्यावर डोळे लावून बसलेलं असतं.

आणि रेबीजची लस बहुतेक शाळा वर्ग सुरू होण्याआधी किंवा पहिल्या सेमिस्टरमध्ये मागतात. २०२२ पासून अमेरिकेतली शिफारस दोन डोसांची आहे, पहिला आणि सातव्या दिवशी दुसरा. पूर्वी तीन असत, त्यामुळे जुनी माहिती वाचून तिसऱ्याची वाट पाहू नका. शेल्टरमध्ये अनोळखी कुत्री-मांजरं हाताळताच आहात, तेव्हा प्रवेशाची वाट न बघता डॉक्टरांना आताच विचारून घ्या.