चौदाव्या दिवशी ऑफिस

घरचं माणूस गेल्यावर कसं सावरायचं, या प्रश्नावर ‘कामात गुंतवून घ्या, आपोआप सावराल’ असं वर दोघांनी लिहिलंय. मला अर्धंच पटलं. बाबा गेले आणि चौदाव्या दिवशी मी ऑफिसात हजर. दिवसभर एक्सेल, रात्री अडीचला टक्क जाग, त्यांचा चष्मा अजून टीव्हीशेजारीच. वर्ष उलटलं तरी तेच. शेवटी आई म्हणाली, "अरे, पानात काय वाढलंय ते तरी कळतं का तुला?" तेव्हा डॉक्टर गाठले. इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, लांबलेल्या शोकाला आता वैद्यकशास्त्रात स्वतंत्र निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११) त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या पुस्तिकेत (२०२२ पासून) मोठ्यांसाठी वर्षाची. आणि १४४१६ ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

कामाचं म्हणाल तर नोकरी तीच आहे. पण बाबा गल्लीतल्या पोरांना गणित शिकवायचे, ते रविवारी मी घेतो. पहिल्याच दिवशी अपूर्णांकांवर एक कार्टं म्हणालं, "आजोबा भाकरीचे तुकडे करून दाखवायचे." मग काय, आईला भाकऱ्या थापायला लावल्या.