लोक रडले हा पुरावा नाही, मान्य. पण म्हणून शुभवर्तमानं खोटी ठरली का?

कॅनव्हासवाली_वसई
काल तर्कटरावांनी इथे लिहिलं की मित्राच्या आग्रहाखातर ते मालाडला एका प्रार्थनासभेला गेले, तिथे एका बाईने गाणी चालू असताना पंधरा मिनिटांत काळ्या कॅनव्हासवर फराटे मारले, शेवटी कॅनव्हास फिरवून सुलटा केला तर येशूचा चेहरा, लोक रडायला लागले, आणि लगेच वक्त्याने माइक हातात घेऊन सांगितलं की शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाची येशूची चार चरित्रं) शंभर टक्के विश्वसनीय आहेत. त्यांच्या मते ही ट्रिक आहे, आधी डोळे ओले करायचे आणि मग डोक्यात माल भरायचा. ती बाई म्हणजे मी. रात्रभर झोप लागली नाही म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तर लांबलं.

चार बाय पाच फुटी कॅनव्हास मी वसईहून लगेजच्या डब्यातून नेते, मासळीच्या टोपल्यांमध्ये उभा धरून. ब्रश हार्डवेअरच्या दुकानातले, दोन इंची, भिंती रंगवायचे. स्टेजच्या लाइटखाली अ‍ॅक्रिलिक इतकं भराभर सुकतं की एका हातात पाण्याचा स्प्रे धरावा लागतो. आणि चुकलं की सगळ्यांसमोर चुकतं. त्या दिवशी डावा डोळा खाली गेला होता, मी फडक्याने पुसून परत घातला, त्या पुसण्याचा राखाडी डाग शेवटपर्यंत गालावर होता. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसालाही दिसला असेल. मी लोकांसमोर रंगवते ते एवढ्यासाठीच, की माझी प्रार्थना चुकांसकट दिसावी.

शुभवर्तमानांवर माझा विश्वास आहे तोही तशाच डागांमुळे. पेत्राने, म्हणजे त्याच्या पट्टशिष्यानेच, प्रभूला तीनदा नाकारलं, शिष्य पळून गेले, प्रभूच्या रिकाम्या कबरीवर पहिल्या पोचल्या त्या बायका, ज्यांच्या साक्षीला त्या काळी फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायची असती तर हे सगळं पुसून टाकलं असतं. चौघांचं एकमेकांशी जुळत नाही म्हणता, तर आमच्या वर्गात मॉडेल मधे बसायचा आणि आम्ही गोल करून, एकाच्या चित्रात कान यायचा, दुसऱ्याच्या यायचाच नाही. सर नुसतं चित्र बघून कोण कुठे बसलं होतं ते सांगायचे. योहान कबरीवर फक्त मग्दालिया मरियेचं नाव घेतो, पण ती बोलताना म्हणते "आम्हांला ठाऊक नाही". आम्हांला! म्हणजे बाकीच्या बायका तिथे होत्याच, त्याच्या फ्रेममध्ये नाहीत इतकंच.

तर्कटराव
ताई, तुम्हाला दुखवायचा हेतू नव्हता पण मुद्दा सोडणार नाही. तुमच्या वर्गाचं उदाहरण चुकीचं आहे कारण हे चौघं गोल करून बसलेलेच नव्हते. मार्कच्या ६६१ ओव्यांपैकी (वचनं म्हणा) सुमारे ६०० मत्तयात आल्यात, कित्येक ठिकाणी ग्रीक शब्दन् शब्द तोच. याला मॉडेल बघून काढलेलं चित्र म्हणत नाहीत, शेजारच्याच्या कागदावरून ट्रेस केलेलं म्हणतात. आणि मार्कचा शेवट घ्या, १६व्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही मोठ्या हस्तलिखितांत नाहीतच, नंतर कुणीतरी जोडली. व्यभिचारी बाईची गोष्ट ("ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा"), जी सगळ्यांना पाठ असते, तीही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही. लूक म्हणतो येशू जन्मला तेव्हा सीरियाचा रोमन सुभेदार क्विरीनियने शिरगणती केली, ती झाली इसवी सन ६ मध्ये, आणि मत्तय म्हणतो येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला, तो तर इसवी सनापूर्वी ४ मध्येच मेलेला. जवळजवळ दहा वर्षांचा फरक आहे, हा काही कानाचा आणि फ्रेमचा मामला नाही.

दादर_पश्चिम
मी हिंदू, वारकरी घरातला, मधे बोलतोय. प्रतींत फरक असतो म्हणून ग्रंथ टाकाऊ होत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती पाठभेद झाले होते म्हणूनच ना? म्हणून आम्ही ज्ञानेश्वरी खाली ठेवली का? उलट पाठ जुळवणारे लोक असतात म्हणूनच ग्रंथ टिकतो.

तर्कटराव
ज्ञानेश्वरी "अमुक माणूस अमुक वर्षी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला" असं सांगत नाही. शुभवर्तमान सांगतं. दावा घटनेचा आहे म्हणून कसोटीही घटनेचीच लावणार.

गिरगावकर_मास्तर
चाळीस वर्षं चित्रकला शिकवली, मला तुमच्या हस्तलिखितांतलं कळत नाही, पण पहिली पोस्ट वाचून राहवलं नाही. बाई, प्रात्यक्षिक म्हणजे मॉडेल समोर बसवायचा, अडीच-तीन तास, मागे पोरं श्वास रोखून उभी, आणि चित्रकाराला स्वतःलाच माहीत नसतं की हाती काय लागणार. तुम्ही करता ते पाठांतर आहे. घरी सराव करून तोच चेहरा तुम्ही परत काढता. आणि चेहरा तरी कुणाचा? मी फोटो पाहिला. कॅलेंडरवरचा. गोरापान, केस सोनेरी, डोळे निळे! गालीलातला सुतार उन्हात काम करून असा दिसेल? अँजेलो द फोन्सेका नावाचा गोव्याचा चित्रकार होता, १९०२ चा जन्म, शांतिनिकेतनला शिकला, नंतर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला. त्याने साडी नेसलेली मरिया रंगवली, आपल्या बायकांसारखी सावळी, तर त्याच्याच धर्मातले लोक त्याच्या अंगावर धावले. १९६७ मध्ये गेला बिचारा. त्याने जे सोसलं त्यानंतर तुम्ही अजून निळे डोळे काढता याचा मला राग येतो, खरंच येतो.

नगरकर_भायखळा
आमच्या मंडळीत तर चेहराच काढत नाहीत, दहा आज्ञांतली दुसरी वाचा, मूर्ती करू नका म्हणते ती. माझे वडील पाळक होते. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं व्हायची, टाळ-मृदंग, अभंग, आख्यान, आणि लोक तिथेही रडायचे, पण शब्द ऐकून. चित्र दाखवून रडवणं मला सोपं वाटतं. बाकी शुभवर्तमानांबद्दल ताईंशी शंभर टक्के सहमत.

उत्तनची_बाय
डोळे निळे की काळे यावर भांडताय पण आमच्या कानावर काय पडतंय ते कुणी विचारत नाही! माहेर उत्तन, सासर मुंबईच्या एका उपनगरात, धर्मग्रामाचं, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीचं, नाव घेत नाही. लग्न होऊन आले तेव्हा दर रविवारी आठची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत होती. मग ती सहाला नेली. मग महिन्यातून एकदा. आता फक्त सणाला. माझी सासू गेली, आयुष्यभर मराठीत रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणाली ती बाई, आणि तिच्या अंत्यविधीत सगळं इंग्रजीत, शेजारच्या कोळणी मागच्या बाकावर नुसत्या उभ्या राहायच्या, बसायच्या, उभ्या राहायच्या. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्सने आख्खं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापलं, तो इंग्रज होता इंग्रज. आणि आम्हाला चारशे वर्षांनी आमच्याच चर्चमध्ये "युवर मराठी ग्रुप" म्हणतात.

बांद्रा_गावठण
बाय, दोष एकाच बाजूचा नाही. आमच्याकडे मराठी मिस्सा ठेवली होती, सतरा माणसं यायची, त्यातली बारा साठीच्या पुढची. तुमचीच पोरं इंग्रजी मिस्साला जातात कारण शाळेतले मित्र तिकडे असतात. फादरांनी रिकाम्या बाकांपुढे उभं राहायचं का?

उत्तनची_बाय
सकाळी सहाला कोण पोर उठून येणार? आधी अडचणीची वेळ द्यायची आणि मग माणसं नाहीत म्हणून बंद करायचं, हे आम्हाला मराठी शाळांच्या बाबतीतही करून दाखवलंय.

बांद्रा_गावठण
शाळा बंद पडल्या कारण आपणच पोरं इंग्रजीत घातली. तुझी कुठल्या माध्यमात आहेत ते सांग आधी.

उत्तनची_बाय
इंग्रजीत आहेत. नोकरीसाठी घातली, देवासाठी नाही. आता बोल.

नगरकर_भायखळा
आमच्याकडे उपासना आजही मराठीतच होते, या भायखळ्याला, कुणी अडवणार नाही. फक्त रोझरी नाही मिळणार.

उत्तनची_बाय
मग काय उपयोग! पण बोलावलंत, बरं वाटलं.

दादर_पश्चिम
धागा कुठून कुठे गेला. तरी मराठीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही आता मिनिट्स इंग्रजीत...

कॅनव्हासवाली_वसई
दादरवाले, सोसायटी नंतर. बाय, तुझं म्हणणं मला लागलं. मी मालाडला गाणी हिंदी-इंग्रजीच वाजू दिली, मराठी मागितलीच नाही.

मास्तर, निळे डोळे कबूल. तो प्रिंट लहानपणापासून आमच्या ओट्यावर होता, हात आपोआप तिकडे जातो. पाठांतर म्हणालात ते मात्र सहन नाही होत, कीर्तनकारही आख्यान पाठ करूनच उभा राहतो.

तर्कटराव, ट्रेस करण्याबद्दल. लूक स्वतः पहिल्याच वाक्यात सांगतो की माझ्याआधी पुष्कळांनी लिहिलंय आणि मी सगळं शोधून क्रमवार लिहितोय, त्याने काही लपवलेलं नाही. मीही शिकताना शेजारणीची आउटलाइन घ्यायचे आणि शेडिंग मॉडेलकडे बघून करायचे. मार्कमध्ये क्रूस वाहणाऱ्या शिमोन कुरेनेकराची ओळख "आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप" अशी दिलीय. मत्तय आणि लूक ते नाव घेतात पण मुलं गाळतात. बापाची ओळख मुलांवरून कधी देतात? ऐकणाऱ्यांना मुलं माहीत असतील तेव्हा. "अरे तो नाही का, आपल्या अमक्याचा बाप" असंच आपण म्हणतो ना? ज्या योहानावर तुमचा एवढा राग, त्याच्या शुभवर्तमानाच्या प्रतीचा तळहाताएवढा तुकडा मँचेस्टरच्या रायलँड्स लायब्ररीत आहे, दुसऱ्या शतकातला, आणि त्यावर नेमका पिलातापुढचा, म्हणजे येशूला शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदारापुढचा संवाद आहे. त्या पिलाताच्या नावाचा दगड १९६१ मध्ये कैसरियाला जमिनीतून निघाला.

आणि एक घरातलं सांगते. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा मी रोज त्यांचं स्केच काढायचे, एकही दुसऱ्याशी जुळत नाही. शेवटच्या रात्रीबद्दल आई म्हणते त्यांनी पाणी मागितलं. भाऊ म्हणतो ते एक शब्द बोलले नाहीत. मला आठवतं की त्यांनी माझं नाव घेतलं. तिघं एकाच खोलीत होतो. आमचं जुळत नाही म्हणून बाबा गेलेच नाहीत का?

तर्कटराव
पण तिघांपैकी कुणीही ते तिसऱ्या दिवशी परत आले असं म्हणत नाही ना. फरक तिथेच आहे. आणि पिलात खरा म्हणून गोष्ट खरी होत नाही, कादंबरीतलं दादर स्टेशनही खरंच असतं.

दादर_पश्चिम
अहो काय बोलताय. बाईंनी वडिलांचं सांगितलं आणि तुम्ही त्यावर वाद जिंकता?

उत्तनची_बाय
माणूस आहेस की वकील?

कॅनव्हासवाली_वसई
असू द्या. मी सांगितलं म्हणजे ते वादात आलंच. पण दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला होता.

तर्कटराव
ताई, माफी मागतो. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली, दवाखान्यात मीच होतो, आणि बहीण मला नको असलेलं काहीतरी सांगते त्या रात्रीबद्दल. आमचं अजून जुळलेलं नाही, त्या विषयावर आम्ही बोलणंच बंद केलंय. म्हणून तुमचं वाचून मी जास्तच कडक झालो बहुतेक.

शिमोनाच्या मुलांचा मुद्दा चांगला आहे. मार्क लिहिला गेला तेव्हा ती मुलं कुणाला तरी माहीत होती, एवढं मी मानतो. पुनरुत्थान मानत नाही. क्विरीनियचं उत्तरही तुम्ही दिलेलं नाही.

कॅनव्हासवाली_वसई
नाही दिलं, कारण माझ्याकडे नाही. क्विरीनिय आधीही एकदा तिकडे होता असं काहीजण म्हणतात, ते वाचून माझं स्वतःचं समाधान झालं नाही तर तुमच्या गळ्यात कशाला बांधू. तो गालावरचा डाग समजा, मी पुसणार नाही. आणि वक्त्यालाही सांगितलंय की लोक रडले की लगेच माइक घ्यायचा नाही. चित्र झालं की गप्प बसायचं, ज्याला विचारायचंय तो नंतर येऊन विचारेल.

नगरकर_भायखळा
हे मात्र बरं केलंत. चित्राबद्दल माझं मत तेच आहे.

गिरगावकर_मास्तर
बाई, आमच्या गल्लीत फर्निचरचं काम करणारा एक पोरगा आहे, तिशीतला, उन्हाने रापलेला, हातावर फेविकॉल वाळलेला असतो. शनिवारी दुपारी त्याला सुट्टी असते. बसवतो तुमच्यासमोर. अडीच तास, एक मिनिट कमी नाही, आणि घरी सराव करून यायचं नाही.

कॅनव्हासवाली_वसई
येते सर. रंग आणत नाही, फक्त कोळसा आणि पेपर. त्याला बसायचे पैसे मी देणार, त्यात ऐकणार नाही.

तर्कटराव
मागे उभं राहून बघितलं तर चालेल?

गिरगावकर_मास्तर
चालेल. बोलायचं नाही.

उत्तनची_बाय
तुमचं सगळं ठरलं. आता मराठी मिस्साच्या अर्जावर सही कोण कोण करतंय ते सांगा, आमच्या धर्मग्रामातलेच पाहिजेत. आतापर्यंत चौदा झाल्यात. वेळ आठचीच मागितलीय.