फक्त देणारा देश?
"भारताने जगाला द्यायचं, आपल्याला घेण्यासारखं बाहेर काही नाही" हे मत बऱ्याचदा ऐकू येतं, पण मला ते पटलं नाही. आमच्या नागपुरात दसऱ्याला रेशीमबागेत संघाचा उत्सव अन् काही किलोमीटरवर दीक्षाभूमीला लाखोंची गर्दी. राष्ट्राची दोन चित्रं, एकाच दिवशी! (ट्रॅफिकचे हाल दोन्हीकडे सारखेच.)

पण याच दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांना बौद्ध धम्माची दीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशाचे, हे फारसं कुणी सांगत नाही. धम्म आपल्याकडूनच तिकडे गेलेला, आपण विसरलो, त्यांनी जपला. मग विश्वगुरू नेमका कोण? अन् दीक्षेसाठी नागपूर निवडण्याचं कारण संघ नव्हे, तर पूर्वी बौद्ध धम्म पसरवणारे नाग लोक, हे बाबासाहेबांनी दुसऱ्याच दिवशीच्या भाषणात स्पष्ट सांगितलं होतं.